नडगी, गोल आणि हलगी : गावच्या फुटबॉल स्पर्धेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचं एक गाव. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एक. भात कापून, मळणी उरकून झाली की जानेवारीत शाळेच्या तांबड्या मैदानावर रोलर फिरतो, फक्कीच्या रेषा पडतात आणि फुटबॉल सुरू होतो. आमच्या एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर आणि मधे बेळगावचा लष्करी कॅम्प. त्यामुळे हा खेळ इथं कुणी मुद्दाम आणून लावावा लागला नाही. बारा संघ, पहिलं बक्षीस ३१ हजार आणि ढाल, दुसरं १५ हजार.

संघ दोन्ही भाषांचे येतात. पश्चिमेकडचे बहुतेक मराठी, पूर्वेच्या तालुक्यांतले कन्नड, शहरातले मिश्र. मैदानात शिव्या दोन्ही भाषांत दिल्या जातात आणि दोन्हीकडच्यांना कळतात. एरवी भाषेवरून इथं काही घडत नाही. घडतं ते १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, किंवा कुणीतरी मुद्दाम घडवून आणलं तर.

गावाचं, संघांचं नाव सांगत नाही, तारखाही सांगत नाही. खेळाडूंना जर्सीच्या नंबरानं ओळखू. ज्याचा पाय मोडला तो पाहुण्या संघाचा ९ नंबर. वय २३, गाव पूर्वेकडचं, घरात कन्नड. आठवडाभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत खोली घेऊन राहतो आणि एका फौंड्रीत मोल्डिंगचं काम करतो. ज्याच्या टॅकलनं मोडला तो आमच्या गावचा ४ नंबर. वय १९, आयटीआयला शिकतो.

मी संयोजन समितीचा सदस्य आहे. त्या दिवशी माईक माझ्या हातात होता. हे आधीच सांगून टाकतो, पुढं लागणार आहे.

तो प्रसंग

उपांत्य सामना, शनिवारी दुपारी. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, शेवटची आठ मिनिटं उरलेली, बरोबरी १-१. मधल्या रेषेजवळ ९ नंबर चेंडू घेऊन वळत होता. ४ नंबर बाजूनं घसरत आला, दोन्ही पाय पुढे. बूट आधी चेंडूला लागला. त्याच झटक्यात नडगीला लागला.

चेंडू सुटला तो आमच्या ११ नंबरच्या पुढ्यात. त्यानं मागं पाहिलंच नाही. रेफ्रींना वाटलं चेंडू स्वच्छ काढला, त्यांनी शिट्टी मारली नाही. सात-आठ सेकंदांत ११ नंबर गोलपर्यंत पोचला. त्यांचा गोलकीपर मधे पडलेल्या आपल्या माणसाकडे बघत उभा होता. चेंडू जाळ्यात गेला.

मी माईकवर लांबलचक ‘गोऽऽल’ केलं. माझं लक्ष चेंडूवर होतं. मंडपाशेजारी हलगी घेऊन एक पोरगा बसलेला, मैदानाकडे पाठ करून. माझा आवाज आला की वाजवायची, एवढंच त्याला ठरवून दिलेलं. त्यानं वाजवली. शिट्ट्या सुरू झाल्या. पाहुण्यांच्या बाकावरून टॅकल झाल्यापासून ‘आट निल्लस्री, आट निल्लस्री’ असा ओरडा चालला होता. खेळ थांबवा म्हणून. दोन कर्ण्यांपुढं तो कुणाला ऐकू जाणार?

रेफ्री मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवून मोकळे झाले, म्हणजे गोल दिला. त्याच वेळी आमचा कप्तान त्यांच्याकडे धावत गेला. कप्तान टेम्पो चालवतो, बोलायला फटकळ. तो एवढंच म्हणाला, ‘सर, गोल नको. माणूस पडलाय तिकडं.’ एका लाइनमननं फाऊलसाठी झेंडा वर केलेलाच होता. दोघांचं बोलणं झालं, गोल रद्द झाला, पाहुण्यांना फ्री किक आणि ४ नंबरला लाल कार्ड. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्रींना आपला निर्णय बदलता येतो, तेव्हा नियमात हे चोख बसलं. आमच्या काही लोकांनी मात्र कप्तानाला तिथंच शिव्या घातल्या. चहाच्या टपरीवर अजून घालतात.

‘बॉल आधी लागला म्हणजे फाऊल नाही’ हे वाक्य पुढचे आठ दिवस मी शंभरदा ऐकलं. फुटबॉलच्या नियमावलीत ते कुठंही नाही. बाराव्या नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेला धोका होईल असं किंवा अवाजवी जोरानं केलेलं टॅकल हा गंभीर फाऊल आहे आणि त्याला लाल कार्ड आहे. चेंडूला आधी स्पर्श झाला की नाही, त्यानं फरक पडत नाही. हेतू काय होता हेही रेफ्रींना विचारावं लागत नाही. दोन्ही पायांनी, वेगात, घसरत आलेला माणूस स्वतःलाच थांबवू शकत नाही. धोका नेमका तोच.

पहिली दहा मिनिटं

पाय गुडघ्याखाली जिथं वळू नये तिथं वळलेला. चामडी फाटली नव्हती, रक्त नव्हतं. मोजा खाली ओढला तेव्हा आतून शिनगार्डच्या, म्हणजे नडगीवरच्या संरक्षक पट्टीच्या जागी पुठ्ठा निघाला. मिठाईच्या खोक्याचा, दुमडून आत सारलेला. चौथ्या नियमाप्रमाणे शिनगार्ड सक्तीचे आहेत. सामन्याआधी आम्ही जर्सीचे रंग तपासले, प्रवेश फी तपासली, मोज्यात हात कुणी घातला नाही. खरे शिनगार्ड असते तर हाड वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण तो पुठ्ठा मला अजून डोळ्यापुढं दिसतो. त्यावर काजू कतलीचं चित्र होतं.

गर्दी आत घुसली. एकानं पाण्याची बाटली तोंडाला लावली. एकजण म्हणाला, पाय ओढून सरळ करा, गावात हाड बसवणारे आहेत त्यांना बोलवा. तिसऱ्यानं चोळायला हात पुढं केला. पाहुण्यांपैकी एकजण ‘मुट्टब्याडरी, मुट्टब्याडरी’ (हात लावू नका) म्हणून हात जोडत होता आणि आमची माणसं मदतच करतोय या समजुतीनं पुढं सरकत होती.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आमचे एक हवालदार मामा तिथं नसते तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांनी आधी सगळ्यांना मागं सारलं. पाणी बंद केलं, कारण ऑपरेशन करावं लागलं तर भूल देताना पोट रिकामं असलेलं बरं. पाय जसा होता तसाच ठेवून कोपऱ्यावरच्या झेंड्यांच्या दोन काठ्या काढून आणल्या, एक आतून, एक बाहेरून, मधे टॉवेल, आणि मफलरांनी गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली बांधलं. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा हलता कामा नये, हे त्यामागचं गणित. बूट सैल करून बोटं हलवायला सांगितली. बोटं हलली. पाऊल गरम होतं.

१०८ ला फोन झाला होता. गाडी येईपर्यंत कप्तानाच्या छोटा हत्तीत घालून न्यावं असा आग्रह सुरू झाला. मामा तयार होईनात. ‘पाऊल गार पडलं, पांढरं झालं तर एक मिनिट थांबू नका. आता थांबा.’ खड्ड्यांच्या रस्त्यावर मोडकी नडगी उघड्या टेम्पोत हिंदकळत नेण्यापेक्षा आडवं ठेवून थांबणं बरं, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता.

२०२१ च्या १२ जूनला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन सामना चालू असताना मैदानात कोसळला तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी भोवती कडं केलं होतं, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. ते दृश्य आमच्या मैदानावरच्या प्रत्येकानं फोनवर पाहिलेलं आहे. आमच्याकडे पाहुण्यांचे सातआठजण कडं करायला उभे राहिले. आमचे खेळाडू वीस पावलं लांब, कमरेवर हात ठेवून. पुढं गेलो तर मार बसेल ही भीती त्यांना होती, हे नंतर कळलं. मधल्या जागेत फोन उंच धरलेली माणसं. ४ नंबर बाजूच्या रेषेवर उकिडवा बसलेला, जर्सी तोंडात धरून. त्याच्या पाठीवर थाप मारून ‘कडक!’ म्हणणारे दोन महाभागही आमचेच.

गाडी आली. पाहुण्यांचे दोन खेळाडू आत चढले, जर्सी आणि शॉर्टवरच. खिशात पैसे नाहीत, एकाच्या फोनची बॅटरी संपत आलेली. आमच्यातलं कुणीही गाडीत बसलं नाही. कुणी नको म्हणालं नव्हतं. कुणाला सुचलंच नाही.

सामना पुढे न्यायचा की नाही

इथं आमचं पहिलं मोठं चुकलं. पाहुण्यांच्या कप्तानाला सामना थांबवायचा होता. त्याच्याच संघातल्या दोघांना ‘त्याच्यासाठी’ खेळायचं होतं. आमच्या समितीपुढं मंडपाचं भाडं, दुसऱ्या दिवशीचे प्रदर्शनी सामने, पुढच्या रविवारची फायनल आणि तिला येणारे पाहुणे. आम्ही मोठ्या समंजसपणानं निर्णय दोन्ही संघांवर सोडला. ‘तुम्ही ठरवा, खेळणार का?’

एरिक्सनच्या वेळीही असंच झालं होतं. त्याच रात्री खेळा नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी, असं खेळाडूंपुढं ठेवलं गेलं. ते खेळले, डेन्मार्क ०-१ हरलं, आणि आपण खेळायला नको होतं असं त्यांचे प्रशिक्षक नंतर म्हणाले. ज्यांच्या डोळ्यांपुढं आत्ताच पाय मोडलाय त्यांना विचारायचं, पुढं काय करूया? म्हणायला तो आदर. खरं तर आपल्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवणं.

चाळीस मिनिटांनी उरलेली आठ मिनिटं खेळली गेली. कुणी टॅकल केलं नाही, चेंडू नुसता इकडून तिकडं. पेनल्टीत आम्ही ४-३ जिंकलो. माईक मी बंद ठेवला होता. तेवढं तरी सुचलं.

व्हिडिओ

रात्री नऊच्या सुमारास पहिली क्लिप फिरू लागली. अकरा सेकंदांची. घसरत आलेला ४ नंबर, पडलेला ९ नंबर, मग फोन तिथंच स्थिर. चौकटीत फक्त जमिनीवर तळमळणारा माणूस. आणि आवाज? माझं ‘गोऽऽल’, त्यावर हलगी, त्यावर शिट्ट्या.

मी ती क्लिप खाटेवर बसून पाहिली आणि फोन उलटा ठेवला. जाळ्यात गेलेला चेंडू चौकटीच्या बाहेर होता. ज्याला गोलचं माहीत नाही त्याला एकच दिसणार: आमच्या गावानं माणसाचा पाय मोडला आणि हलगी वाजवली.

सकाळपर्यंत क्लिपला कन्नडमध्ये एक मथळा लागला आणि मराठीत उत्तरादाखल दुसरा. पहिल्यात आम्ही ठरवून केलं, दुसऱ्यात ते नाटक करतायत. सामन्याशी काडीचा संबंध नसलेली माणसं झेंडे घेऊन पुढं आली. रविवारी दुपारी ४ नंबरच्या घरी अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. सोमवारी उद्यमबागेत काय होणार याची धास्ती वेगळीच, कारण आमच्या गावचीही पंचवीस-तीस माणसं तिथं कामाला आहेत. एकाच शेडमध्ये, एकाच पाळीला. तिथं तसं काही झालं नाही. भट्टीपुढं उभं राहून भाषेचं भांडण परवडत नाही, असं एकानं सांगितलं.

समितीपुढचे पर्याय

मंगळवारी रात्री वाचनालयाच्या खोलीत बैठक. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आमच्याकडे फायनलपर्यंतचे पाच दिवस होते.

बोलणं पहिला दीड तास एकाच गोष्टीवर फिरलं: मुद्दाम केलं की चुकून? व्हिडिओ थांबवून, झूम करून, मागंपुढं करून. ज्याला जे बघायचं होतं त्याला ते दिसलं. आता मागं वळून पाहिल्यावर वाटतं, तो दीड तास पूर्ण वाया गेला. हेतू सिद्ध करणं आमच्या हातात नव्हतं आणि पुढचं काही ठरवायला त्याची गरजही नव्हती.

आमच्यातले वकील म्हणाले, दवाखान्यात कुणी जाऊ नका. गेलात म्हणजे चूक कबूल केलीत. हे वाक्य खोलीत असं बसलं की तिघेचौघे निघायच्या तयारीत होते ते पुन्हा टेकले. वकिलांची काळजी अगदी हवेतली नव्हती. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं आणि जबाब घ्यायला पोलीस येऊन गेले होते. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, जुन्या दंड संहितेसारखंच, संमतीचं कलम आहे. १८ वर्षांवरची माणसं राजीखुशीनं खेळायला उतरली, गंभीर दुखापत करायचा हेतू नाही, खेळात दगाबाजी नाही, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कलमाखाली दिलेलं उदाहरण तलवारबाजीचं आहे. त्या कलमालाही मर्यादा आहेत, आणि धोक्याचं टॅकल त्यात कुठवर बसतं हा वकिलांचा प्रांत. आजारी माणसाला बघायला जाणं हा कबुलीजबाब होतो, हे मात्र मला त्या रात्रीही पटलं नव्हतं. मी गप्प बसलो. कारण मी बोललो असतो तर पहिला प्रश्न माईकचा आला असता.

दुसरा प्रस्ताव ४ नंबरला कायमचं काढून टाकण्याचा. जगाला दिसेल अशी शिक्षा. त्यावर आमचे एक जुने खेळाडू, सगळे त्यांना तात्या म्हणतात, बोलले. २००४ च्या ५ डिसेंबरला बेंगळुरात फेडरेशन कपची फायनल होती, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझीलचा स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर गोल करताना गोलकीपरशी धडकला आणि गेला. गोव्यात आणि इकडं आमच्या भागातही तेव्हा लोक त्या गोलकीपरचं नाव घेऊन काय काय बोलत होते. सुब्रत पाल. वय सतरा-अठरा. तात्या म्हणाले, ‘त्याला तेव्हाच बाद केला असता तर २०११ च्या एशियन कपला भारताच्या गोलमध्ये कोण उभा राहणार होता? पोरगा आपला १९ चा हाय. शिक्षा द्या, पण मैदानातली द्या.’

तिसरा प्रस्ताव माझा. माझ्याकडे तिपाईवर लावलेल्या कॅमेऱ्याचं पूर्ण चित्रण होतं. त्यात गोल दिसतो, कप्तान रेफ्रींकडे धावतो तेही दिसतं. ते टाकूया, म्हणजे हलगी कशासाठी वाजली ते जगाला कळेल. यावर तात्यांनी विचारलं, जगाला नंतर सांगू, त्याला सांगितलंस काय? खोली थोडा वेळ शांत झाली. मग कुणीतरी चहा मागवला आणि बैठक काही न ठरता उठली.

काय केलं

समितीनं काही करायच्या आत ४ नंबरच्या आईनं केलं. बुधवारी सकाळी तिनं कप्तानाला फोन केला. ‘गाडी काढ. समितीला मागनं सांगू.’ डब्यात भाकरी, मटकीची उसळ आणि दही. ती बेळगावच्या बाजारात भाजी विकते, बाजारापुरतं कन्नड तिला चांगलं येतं. मागच्या सीटवर मी बसलो. कुणी बोलावलं नव्हतं.

वॉर्डात ९ नंबरची आई पायाशी बसलेली. रविवारी ऑपरेशन होऊन नडगीत रॉड बसवला होता. आमच्याकडे बघून ती उठली नाही. ४ नंबरच्या आईनं डबा टेबलावर ठेवला, तिच्याशेजारी खाली फरशीवर बसली आणि तिला ‘अक्का’ म्हणाली. अक्का आणि अण्णा हे शब्द इकडं दोन्ही भाषांत चालतात. बराच वेळ दोघी फक्त पोरांच्या झोपेबद्दल बोलल्या. तुझा झोपतो का, माझा झोपत नाही.

४ नंबरही सोबत आला होता. त्यानं वाटेत गाडीत एक कन्नड शब्द पाठ केला होता. तो म्हणाला, ‘तप्पात्री, अण्णा.’ चूक झाली म्हणून. आणि पुढं काही बोलता येईना.

९ नंबर पाच वर्षं उद्यमबागेत आहे. त्यानं उत्तर मराठीत दिलं, आमच्यासारखंच. ‘बॉलवर आलतास, म्हाईत हाय मला. दोन पाय घालायचं नव्हतं. जाऊ दे.’ मग कप्तानाकडे बघत, ‘ती हलगी कोण वाजवूलता?’

एवढ्या दिवसांत हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, हलगी पोरानं वाजवली, पण माझ्या आवाजावर. मी गोल बघितला, तुला बघितलं नाही. कप्तानानं फोनवर पूर्ण चित्रण लावून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा कप्तान रेफ्रींकडे धावतो तिथं थांबवलं. ‘गोल नको म्हटलास तू?’ कप्तान म्हणाला, ‘होय की. शिव्या खाऊलोय अजून.’ ९ नंबर हसला. लगेच पाय दुखला म्हणून थांबला.

पोलिसांना त्यानं रविवारीच ‘खेळताना लागलं’ असा जबाब दिला होता, हे आम्हाला तिथं कळलं. म्हणजे आम्ही मंगळवारी ज्या भीतीनं घरात बसलो होतो ती आधीच संपलेली होती.

त्या संध्याकाळी दोन्ही कप्तानांनी दवाखान्याच्या फाटकाजवळ उभं राहून चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ केला. आधी त्यांचा कप्तान कन्नडमध्ये, मग आमचा मराठीत. मजकूर कागदावर लिहून दिला होता तो दोघांनीही वाचला नाही. सोबत पूर्ण चित्रणही टाकलं. मुद्दाम नोंदवतो: अकरा सेकंदांची क्लिप जितकी फिरली त्याच्या पासंगालाही हे पुरलं नाही. पण पाहुण्यांच्या गावात ते गेलं, आणि आमच्या गावात गेलं. घरी येणारे फोन दोन दिवसांत थांबले.

पैशाचं सांगायचं तर, खर्च एक लाख दहा हजारांच्या घरात गेला. रेशन कार्ड आणि इतर कागद गावाकडे होते, पहिल्या रात्री हातात काहीच नव्हतं. आमचा संघ फायनलमधून बाहेर पडला, तिसऱ्या-चौथ्या संघांना न खेळवता समोरच्या संघाला ढाल दिली. दोन्ही बक्षिसांचे ४६ हजार उपचाराला द्यायचं ठरलं. पहिल्या बक्षिसावर त्या संघाचा हक्क होता. त्यांनी ‘द्या’ म्हटलं, पण मनापासून म्हटलं की चारचौघांत नाही म्हणता येईना म्हणून, हे मला सांगता येणार नाही. उरलेलं पाहुण्यांच्या गावानं जमवलं, फौंड्रीच्या मालकानं थोडी उचल दिली. ४ नंबरला संघानं चार सामने बाहेर ठेवलं.

निष्पत्ती

दीड-दोन महिने कुबड्या, मग एक कुबडी, मग काठी. पाच महिन्यांनी तो कामावर गेला, पण मोल्डिंगवर नाही. जड उचलायचं नाही म्हणून त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलंय, हातात पैसे कमी येतात. रॉड अजून पायात आहे. फुटबॉल अजून नाही.

४ नंबर चार सामने संपल्यावरही तो हंगाम खेळला नाही. यंदा उतरला. समोर माणूस चेंडू घेऊन आला की अर्ध्यात थांबतो. प्रशिक्षक बाहेरून ओरडतात, तो ऐकतो आणि पुढच्या वेळीही थांबतो. त्याच्याशी नीट बोलायला हवं होतं, कुणा जाणत्याकडे न्यायला हवं होतं. आम्ही सगळे मोडलेल्या पायाकडे बघत राहिलो. दोघांची दोस्ती वगैरे झाली नाही. उद्यमबागेच्या बस थांब्यावर दिसले तर हात वर करतात.

पाहुण्या संघाला यंदा आमंत्रण दिलं. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर आलं.

पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात आधी गाडीत आमचा एक माणूस बसेल. पैसे आणि चार्ज केलेला फोन घेऊन. बाकी कुठल्याही निर्णयाला वेळ घेता आला असता, याला नव्हता. ती दोन पोरं जर्सीवर कॅज्युअल्टीच्या बाहेर बसून होती, तेव्हा आम्ही पेनल्टीची चिठ्ठी टाकत होतो.

बुधवारी जे झालं ते रविवारी सकाळी व्हायला हवं होतं. तीन दिवस उशीर झाला तो शहाणपणामुळे झाला, वकिली आणि आमच्या सगळ्यांच्या. त्या तीन दिवसांत क्लिपनं आपलं काम केलं.

माईकचं मी माझ्यापुरतं ठरवलंय. गोल झाला की आधी रेफ्रींकडे बघायचं, मग मैदानभर नजर फिरवायची, मग तोंड उघडायचं. हलगीवाल्याला आता मैदानाकडे तोंड करून बसवतो. तो कुरकुरला, लोक दिसत नाहीत म्हणून.

सामना थांबवण्यावर मात्र आमचं एकमत नाही. खेळाडूला ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं तर त्या दिवशीचा सामना तिथंच संपवायचा आणि निर्णय समितीनं घ्यायचा, खेळाडूंना विचारायचं नाही, असा नियम मी मांडला. चार हात वर आले, तीन आले नाहीत. त्यांचं म्हणणं, मोच आली तरी लोक ॲम्ब्युलन्स बोलावतील, हरणारा संघ तर नक्कीच. ते अगदी चूक आहे असं मला म्हणता येत नाही. यंदाच्या पत्रकात नियम छापलाय. शिनगार्डचा त्याच्या वर आहे, जाड अक्षरात. पहिल्या दिवशी मोजे तपासायला मी आणि हवालदार मामा बसलो होतो, बारा पुठ्ठे निघाले. मामांनी ते वहीत दाबून ठेवलेत.